पुसलेली धूळ

लोधिवलीच्या शिवारात भात पिवळं पडायला लागलं की हल्ली मला बर्चची झाडं आठवतात. आधी असं नव्हतं. आधी या दिवसांना एकच वास होता. बांधावर वाळत चाललेल्या गवताचा, आणि नदीकडून वारा आला की त्यात मिसळणारा कागद गिरणीच्या लगद्याचा, उकडलेल्या कोबीसारखा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला तो वास घरचा होता, कारण बाबा तोच अंगावर घेऊन घरी यायचे. गिरणी बंद पडून बारा वर्षं झाली आणि वास गेला. गेल्या वर्षी याच दिवसांत मी एका शिष्यवृत्तीवर सहा आठवडे स्वीडनमध्ये होते. तिथल्या एका खेड्यात, पिवळ्याधमक बर्चखाली उभी असताना, अचानक तोच उकडलेला कोबी नाकाला लागला. पलीकडच्या गावात एक कागद गिरणी अजून चालू होती. परक्या देशात, मफलर गुंडाळून, मी त्या वासाने रडले. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

यंदा सांगतेय, कारण यंदा आमच्या गिरणीची उरलीसुरली शेडही जाणार आहे. जागा हर्षद नावाच्या एका तरुणाने घेतली आहे. एक्स्प्रेस वे जवळ, खालापूरचा टोलनाका जवळ, म्हणजे तिथे गोदाम होणार हे सांगायला नको. दिवाळीनंतर शेड पाडायची आहे. मी तरातरा त्याच्याकडे गेले, भांडायच्या तयारीने. म्हटलं, फिटरांची खोली तरी ठेवा, तिथली यंत्रं, बाकडी, हत्यारं आहेत तशी ठेवा, लोकांना बघू द्या. भांडायची वेळच आली नाही. तो म्हणाला, "ठेवतो. मला कोपऱ्यातली एक खोली जड नाही. पण तुम्ही तिथे काम केलेलं नाही, ताई. कुणीतरी जुना माणूस जबाबदार पाहिजे. उघडणारा, दाखवणारा. रविवारपर्यंत नाव द्या, नाहीतर ती पण भंगारात जाईल."

जुना माणूस म्हणजे बाबा. पंचवीस वर्षं त्या खोलीत फिटर, आणि युनियनचे शेवटचे सेक्रेटरी, गिरणी वाचवायचा लढा हरलेले. बाकीचे कामगार त्यांना भाऊ म्हणतात; ते सगळे म्हणाले, भाऊ असतील तर आम्ही आहोत. आणि भाऊ म्हणाले, "नाय."

"का नाही?"

"हरल्याचं प्रदर्शन कोण मांडतं गं?"

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाराखडीच्या तक्त्याआधी घरात गुलाबी, पिवळी, हिरवी पत्रकं आली. 'कामगार बंधूंनो' हे मी 'कमळ'च्या आधी वाचलं. पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर बेरजा केल्या, त्यांच्याच होड्या पाण्यात सोडल्या. बाबा ती रात्रपाळीला जायच्या आधी चुलीजवळ बसून लिहायचे आणि आईला वाचून दाखवायचे. आई भाकरी थापत म्हणायची, "लय लांबलंय. गेटवर उभं राहून एवढं कोण वाचंल? चहा तरी थंड होतो तेवढ्यात." बाबा मुकाट्याने दोन वाक्यं खोडायचे. मला लिहिणं शिकवलं ते या दोघांनी. रागाने लिहावं हे बाबांनी, आणि थोडक्यात लिहावं हे आईने. दुसरं मला अजून जमत नाही.

स्वीडनला निघाले तेव्हा मी रागच सामानात भरला होता. श्रीमंत देश, त्यांच्या जुन्या गिरण्या म्हणजे हौसेची बाहुलीघरं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. कर्जतची रिसॉर्टं पाहिलेल्या माणसाचं दुसरं काय होणार? आमच्याकडे पळसदरीच्या रस्त्याला एका बंगल्यात आख्खा नांगर भिंतीला टांगलाय, वर दिवे सोडून. जात्याच्या पाळूवर कुंडी ठेवलीय. कुणी तो नांगर धरला, कुणाच्या हाताला त्या खुंट्याने घट्टे पडले, याचा मागमूस नाही. माणूस वजा करून वस्तू तेवढी ठेवली, की ती शोभेची होते. मला वाटलं होतं, तिकडे हेच जास्त नीटनेटकं असेल.

मी हिंडले तो मुलूख लोखंडाचा, बेर्यस्लागेन नावाचा. सगळीकडे जंगल, जंगलात तळी, आणि प्रत्येक छोट्या धबधब्याशी एखादी भट्टी, एखादी गिरणी. घरं लाकडाची आणि गेरूपेक्षा थोडी गडद लाल. तो रंग तांब्याच्या खाणीतून निघालेल्या टाकाऊ मातीचा असतो. खाणीने फेकून दिलेलं गरिबांनी भिंतींना फासलं, आणि आता सगळ्या देशाचा तोच रंग झालाय. हे कळलं तेव्हा मी वहीत लिहिलं, 'टाकाऊ म्हणून कुणाला हिणवू नये!' मग आई आठवली आणि उद्गारचिन्ह खोडलं.

एका जुन्या लोहारखान्यात पाणचक्कीवर चालणारा हातोडा चालवून दाखवत. पाणी अडवणारी झाप उघडली, चाक कुरकुरत फिरलं, आणि माणसाएवढा तो हातोडा ऐरणीवर पडायला लागला. पायाखालची जमीन हलत होती. पोटात, दातांत तो ठोका बसत होता. त्या एका मिनिटात मला कळलं की म्हातारे लोहार बहिरे का व्हायचे. हे कुठल्याही पाटीने सांगितलं नसतं. पण पाटीही होती. तिच्यावर साध्या शब्दांत लिहिलं होतं की इथलं काही लोखंड पुढे गुलामांच्या व्यापारात गेलं. मी ती तीनदा वाचली. आमच्याकडे इतिहासाच्या पाटीवर फक्त विजय असतात. आपल्या दारात आपलं पाप लिहून ठेवायला धाक लागतो का धीर लागतो, मला माहीत नाही. मी तिथे टोपी काढली. थंडीने कान दुखले तरी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

भट्टीमालकाचा पांढरा वाडा होता, त्याचं आता हॉटेल झालंय. तिथे माझ्या कपाळावर आठी चढलीच. पण त्याच आवारात मजुराची खोलीही ठेवली होती, एका कुटुंबाची एकच खोली, त्यात किती माणसं निजत ते लिहिलेलं. विणकामाच्या एका घरात जुन्या सदऱ्यांच्या चिंध्या मागावर घालून सतरंज्या करत होते. मी हात लावून बघितलं. आईची गोधडीच, फक्त सुईऐवजी मागावर. बाहेर वेलदोड्याचे पाव भाजल्याचा वास. दर वळणावर घरचं काहीतरी भेटत होतं, आणि तरी सगळं परकं होतं. दुपारी तीनलाच ऊन संध्याकाळसारखं व्हायचं. ऊन असं तिरपं यायचं की गवताच्या काडीचीही सावली हातभर पडायची.

आणि एका संग्रहालयात, काचेखाली, पत्रक. पिवळं पडलेलं, शंभरेक वर्षांपूर्वीचं. मी वाकले. भाषा कळेना, पण पत्रक लांबून ओळखू येतं, जसा आपला माणूस चालीवरून ओळखू येतो. तिथल्या बाईंनी अर्थ सांगितला. कामगाराच्या घरातला कपसुद्धा देखणा असला पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. मी पगारवाढीचं पत्रक पाहिलं होतं, पाणीटंचाईचं पाहिलं होतं, कपाचं पत्रक जन्मात पहिल्यांदा पाहिलं. संध्याकाळी बाबांना फोन लावला.

"कप?" बाबा हसले. "आमच्या कॅन्टीनला कप कुठं होतं? गिलास. आणि तो असा पोळायचा की धरवायचा नाय. मग आमी खराब निघालेल्या कागदाची पट्टी करायचो, दोन घड्या, एक खाच. गिलासाला गुंडाळली की झालं. सगळी पाळी तसाच च्या प्यायची."

"कुणी काढली ती युक्ती?"

"कुणी म्हंजे? आमी."

फोन ठेवल्यावर मी ते वहीत लिहून घेतलं. दोन घड्या आणि एक खाच. तिकडच्या काचेखाली ती पट्टी ठेवली असती, तर लोक पुढे वाकून बघत राहिले असते. आमच्याकडे ती चहाबरोबर चुरगाळून फेकली गेली, रोज तीनशे वेळा. करणारे हात इथे कमी नव्हते. 'हे आम्ही केलं' असं मोठ्याने म्हणायची सवय नव्हती, एवढंच.

ज्या खेड्यात मला पलीकडच्या गावातल्या लगद्याचा वास लागला, तिथली कागद गिरणी बंद पडली होती, पण गावाने ती राखली होती. लेनार्ट नावाचे एक निवृत्त कामगार ती उघडायचे. उंच, वाकलेले, इंग्रजी जपून बोलणारे, एकेक शब्द चिमट्याने उचलून ठेवल्यासारखे. मी फिटरची मुलगी आहे म्हटल्यावर त्यांनी मला बाकी पाहुण्यांपासून बाजूला काढलं आणि किल्ली हातात दिली. "फिटरांची खोली. तुम्ही एकट्या बघा. घाई नको."

खोली अशी होती, की कामगार जेवायला गेलेत आणि येतीलच. खुंटीला अंगरखा. बाकड्यावर कानशी, पाने, आणि लोखंड पकडून ठेवणारे चार व्हाइस ओळीने. चौथ्याच्या जबड्यात एक तुकडा अर्धवट घासलेला, तसाच. सगळ्यावर धूळ, करड्या रेशमासारखी. माझ्या फोनवर त्या दिवशी सकाळी आईचा निरोप आला होता, 'आज खंडेनवमी.' आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं पुसतात, पुजतात. बाबा पूजा करत नसत, नारळ नाही की झेंडू नाही. पण त्या दिवशी प्रत्येक पाना, प्रत्येक कानस कापडाने पुसून खोबरेल लावून ठेवत. मला शेजारी बसवून म्हणत, "देवाला नाय गं. हत्यार कोरडं ठेवलं तर ते आपल्यावर रुसतं."

मी विचार केलाच नाही. पिशवीत केसांना लावायच्या खोबरेलाची बाटली होती. गळ्यातला जुना सुती रुमाल काढला आणि चौथा व्हाइस पुसला. जबडे, दांडा, मूठ. मग तेल. लोखंड काळंभोर चमकायला लागलं, खोलीत आमच्या घराचा वास आला, आणि मला इतकं बरं वाटलं की मी हलकेच हसले.

मागे लेनार्ट उभे होते. त्यांचा चेहरा पाहून मी रुमाल पाठीमागे लपवला.

"ती धूळ," ते म्हणाले, "ती शेवटच्या दिवसाची होती. गिरणी बंद झाली त्या दुपारी आमचा फिटर गोरान हा तुकडा घासत होता. आम्ही ठरवलं, याला कुणी हात लावायचा नाही. तीस वर्षं कुणी लावला नव्हता."

 ज्या माणसाच्या हाताची शेवटची खूण जपायला मी मनातल्या मनात जगाशी भांडत होते, तीच मी पुसली होती, आणि तीही प्रेमाने. मी रडवेली होऊन खंडेनवमीचं सांगायला लागले. इंग्रजीत ते फार खुळचट वाटत होतं. लेनार्टनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तुमच्याकडे वर्षातून एक दिवस सगळा देश हत्यारं पुसतो?"

"हो."

"सुट्टी घेऊन?"

"हत्यारांना सुट्टी."

त्यांनी टेबलाच्या खणातून एक जाड वही काढली. त्या खोलीत जे जे घडे, छपराची गळती, फुटलेली काच, ते सगळं त्या वहीत लिहून ठेवत. त्यांनी सावकाश लिहिलं आणि मला वाचून दाखवलं, 'चौथ्या व्हाइसवरची धूळ आज पुसली गेली. पुसणारी भारतातल्या एका फिटरची मुलगी. खोबरेल लावले आहे. आता ते काढू नये.'

मला ओरडले असते तर सोसलं असतं. त्या माणसाने माझी चूक खोलीच्या गोष्टीत सामील करून घेतली. परत फिरताना मी विचारलं, "गिरणी बंद झाली तेव्हा तुम्ही लढला होतात?" ते म्हणाले, "हो. आणि हरलो. तेही भिंतीवर आहे, उजवीकडे. लोक ते आधी वाचतात." मला त्या उत्तराचा तेव्हा फार अभिमान वाटला, जणू ते माझंच होतं. आपली हार उजवीकडच्या भिंतीला, सगळ्यांना दिसेल अशी लावणारी माणसं पाहून मला पहिल्यांदा वाटलं की हरणं आणि लाज या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

हे सगळं मी बाबांना या आठवड्यात पुन्हा सांगितलं. जेवताना, भात कापायला विळ्यांना धार लावताना, अंगणात. शेवटी ते चिडले. "तुजा लेनार्ट भला माणूस हाय. पन त्याला हरल्यावर पेन्शन भेटली असंल. आमचा सदू हरल्यावर वॉचमन झाला, तुक्या रिक्षा चालवतो. त्यांना सांगू, या, तुमची खोली बगायला लोक आल्यात, हसून दाखवा?"  ज्याने मला राग शिकवला त्याचाच राग माझ्यासमोर उभा होता, आणि तो माझ्यापेक्षा खरा होता. त्या रात्री मला कळलं, मी खोली मागत होते ती आमच्या सगळ्यांच्या आठवणीसाठी, पण तिची किंमत त्या हरलेल्यांनाच मोजावी लागणार होती. पत्रकात असं कधी लिहिलेलं नसतं.

रविवारी ते स्वतःच निघाले. आई म्हणाली, "जायचंच नाय म्हनत होता ना?"

"नाय म्हनायचं तर तोंडावर म्हनावं. पोरीच्या हाती निरोप धाडून कोन नाय म्हनतं?"

गिरणीच्या फाटकाशी हर्षद होता, आणि रिक्षा लावून तुकाराम काका. ते बाबांचे जुने जोडीदार, कागदाच्या यंत्रावर वीस वर्षं. बाबांना बघून त्यांनी नुसती मान हलवली. हर्षदने कुलूप काढलं. शेड अर्धी उघडी झाली होती, छपराचे पत्रे गेलेले, पण फिटरांच्या खोलीशेजारचं कागदाचं यंत्र अजून जागेवर होतं, गंजलेल्या रोलरांची लांबच लांब रांग. बाबा शेडच्या उंबऱ्यात थांबले. आत गेले नाहीत. बारा वर्षांत ते इथे पहिल्यांदा येत होते.

बोलायला सुरुवात केली ती तुकाराम काकांनी. हर्षदला म्हणाले, "हे बगा शेट, हा रोलर. याच्या आत बेअरिंग. ते बिघडलं की कागद फाटायचा. मग फिटर काय करायचा, हात लावून बगायचा. गरम लागलं की समजायचं, गेलं."

"अरं तसं नाय ते!" उंबऱ्यातून बाबा म्हणाले.

"मग कसं?"

"हात लावून ताप कळतो तुक्या. दुखनं कुटं हाय ते कानाला कळतं." ते आत आले. फिटरांच्या खोलीतल्या बाकड्यावरून एक हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर आणला, टोक रोलरच्या टोकाशी टेकवलं, मूठ कानाला लावली. "असं. चालत्या मशीनवर. चांगलं बेअरिंग मधमाशीवानी गुनगुनतं. खराब झालं की त्यात वाळू चावल्यावानी आवाज येतो. गरम व्हायच्या आधी आठ-धा दिवस कळतं. हात लावून बगेस्तोवर कागद फाटला असता, आन् मॅनेजरनं पयलं तुलाच फाडला असता."

"लय बोलतोस. वीस वर्षं रोलर मी बगितलाय."

"बगितलास. ऐकला मी."

मग ते थांबेनात. कुठला रोलर पावसाळ्यात कुरकुरायचा, कुठल्याला त्यांनी टायरचा तुकडा लावून सहा महिने चालवला, बाहेरून आलेल्या इंजिनिअरने ज्यापुढे हात टेकले तो बिघाड कुणी काढला, सगळं. हर्षद ऐकत होता, मोबाइल खिशात घालून. मी लिहीत होते. बाबांनी पुन्हा एकदा, सवयीने, त्या मेलेल्या यंत्राला टोक लावून मुठीला कान टेकवला. आणि दुसरा हात वर करून आम्हाला थांबवलं.

"काय झालं भाऊ?" तुकाराम काकांनी विचारलं.

"आवाज येतोय."

"यड लागलं काय? बारा वर्षं बंद हाय ते."

बाबांनी स्क्रू ड्रायव्हर हर्षदच्या हातात दिला. "लावा कानाला. दाबू नका, नुसतं टेकवा."

हर्षदने टेकवला. थोडा वेळ काही नाही. मग त्याच्या भुवया वर गेल्या. "गुणगुण येतेय!"

"हायवे," बाबा म्हणाले. "ट्रक जातात त्याचं. जमिनीतून येतंय. ह्या मशीनचा पाया खडकात घातलाय, कोकणात असा पाया दुसरा नसंल. आमीच घातलाय."

पाळीपाळीने सगळ्यांनी ऐकलं. मीही. गंजलेल्या लोखंडातून, खूप लांबून, घाटाकडे चढणाऱ्या गाड्यांचा एकसंध आवाज येत होता.

हर्षदने स्क्रू ड्रायव्हर जपून परत बाकड्यावर नेऊन ठेवला. "मग काका, नाव कुणाचं लिहू?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. रोलरच्या गंजावरून बोट फिरवत राहिले. "माजं लिवा. पन कापनी झाल्यावर येईन. आता भात उभा हाय."

"आन् मी?" तुकाराम काका म्हणाले.

"तू पन ये. फक्त बोलायचं नाय."

सगळ्यांत मोठ्याने तुकाराम काकाच हसले.